गर्दी नको, वाचक हवा

चळवळीत नव्याने लिहू लागलेली मुलंमुली मला बऱ्याचदा एकच प्रश्न विचारतात. "आपा, आम्ही एवढं लिहितो, पण वाचतंय कोण? वाचक वाढवायचे कसे?"

प्रश्न रास्त आहे. लिहिणाऱ्याला वाचक हवाच. माझी तक्रार आहे ती या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपण जिथे जातो त्याबद्दल. डिजिटल मार्केटिंग शिकवणाऱ्यांचे व्हिडिओ आपण पाहतो. ते सांगतात, रोज काहीतरी टाका, गाजत असलेला हॅशटॅग लावा, थंबनेलवर मोठा चेहरा आणि लाल बाण ठेवा, पहिल्या तीन सेकंदांत धक्का द्या. साबण विकायचा असेल तर हा सल्ला वाईट नाही. पण आपण साबण विकायला बसलेलो नाही. ज्या समाजाबद्दल सगळे बोलतात आणि ज्याच्याशी फारसं कुणी बोलत नाही, त्या समाजात राहून आपण लिहितोय. आपला वाचक बाणाने येत नाही आणि आला तरी टिकत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याला वाचक नाहीत, कारण आपण जे लिहितो ते त्याला दुसरीकडे शंभर ठिकाणी मिळतं, आणि जे त्याला कुठेच मिळत नाही ते आपण लिहीत नाही.

आपण वर्षभर काय लिहितो ते एकदा बघा. १९ फेब्रुवारीला शिवाजी महाराजांच्या सैन्यातल्या मुसलमान सरदारांची यादी. १५ ऑक्टोबरला कलाम साहेब. ११ नोव्हेंबरला मौलाना आझाद. मधल्या काळात कुठला तरी मंत्री काहीतरी बोलतो, एखादा अँकर किंचाळतो, कुणी मिरवणुकीत घोषणा देतो, आणि आपण सगळे तीन दिवस त्याला उत्तर देत बसतो. चौथ्या दिवशी नवा मंत्री, नवी घोषणा.

आता सांगा, विषय कुणी ठरवला? त्याने. आपली वेळ, आपली भाषा, आपला राग कशावर खर्च व्हावा हेही त्यानेच ठरवलं. ज्या मुलाने तो व्हिडिओ पाहिलाही नव्हता त्याला तो आपण दाखवला. विखार पेरणाऱ्याला फुकटचे जाहिरातदार हवे असतात आणि ते काम आपण मोठ्या तळमळीने करतो. त्या दिवशी आपल्या पानावरचा आकडा वाढतो हे खरं. पण त्यात निम्मे शिव्या द्यायला आलेले असतात. शिव्या देणारा आणि मन लावून वाचणारा, दोघेही आकड्यात एकच मोजले जातात. म्हणून तो आकडा खोटा आहे.

यादीवाल्या लिखाणाबद्दल थोडं कडवट बोलते, माफ करा. स्वराज्यात मुसलमान होते, स्वातंत्र्यलढ्यात होते, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहीर अमर शेख डफ घेऊन उभे होते. हा इतिहास आपला आहे आणि तो सांगायलाच हवा. पण आपण तो इतिहास म्हणून सांगत नाही, दाखला म्हणून सांगतो. 'बघा, आम्हीही देशासाठी मेलो, आता तरी आम्हाला आपलं म्हणा' हा त्यातला सूर लपत नाही. ज्याला आपल्यावर संशय घ्यायचा आहे, त्याचं यादीने समाधान होत नाही. तो पुढची यादी मागतो. आणि जो आपला शेजारी आहे, ज्याला कधी संशय नव्हताच, त्याला ही अजिजी अवघड वाटते. उरतो आपला तरुण. तो ही यादी सातवीपासून वाचतोय. तिच्यातून त्याला स्वतःबद्दल नवं काय कळतं? काहीच नाही. मग तो कशाला थांबेल?

आता तो खरोखर काय शोधतो ते बघू.

बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मुलाणी अशा अनेक मुस्लिम जाती महाराष्ट्रात इतर मागास वर्गात आहेत. बारावीनंतर प्रवेशाच्या वेळी घरात धावपळ सुरू होते. जात प्रमाणपत्र हवं असतं. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वडील, आजोबा किंवा वडिलांकडच्या नातेवाइकाचा जातीचा पुरावा मागतात. अब्बांचा शाळा सोडल्याचा दाखला काढला, तर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं. दादांचा दाखला काढला, तर तेच, नाहीतर दादा शाळेतच गेलेले नाहीत. इथे पोरगी अडते. गुण आहेत, जात यादीत आहे, पण कागद नाही.

यातून वाट निघते. जुन्या शाळेतला प्रवेश निर्गम उतारा बघायचा असतो, कारण दाखल्यावर नसलेली नोंद कधी कधी मूळ रजिस्टरमध्ये असते. तहसील कार्यालयात गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूचं जुनं कोतवाल बुक असतं. जुनी खरेदीखतं, फेरफार, दादांच्या भावाचं सेवापुस्तक यांत जात लिहिलेली सापडते. वंशावळ करून चुलत घराण्यातला पुरावा जोडता येतो. प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी देतात, नंतर ते जिल्हा पडताळणी समितीकडे जातं, आणि नॉन क्रिमिलेअर वेगळं काढावं लागतं. हे सगळं माहीत असलेला एखादा चाचा प्रत्येक तालुक्यात असतो. त्याच्या डोक्यातलं ज्ञान त्याच्याबरोबरच संपतं, कारण आपल्यापैकी कुणी त्याच्यासमोर वही घेऊन बसलं नाही.

यावर आपल्या मराठीत, आपल्या उदाहरणांनी, कागदांचे फोटो दाखवून कुणी नीट लेख लिहिला, तर तो पहिल्या आठवड्यात पन्नास जण वाचतील. व्हायरल होणार नाही. पण पुढची दहा वर्षं दर जूनमध्ये कुणीतरी फोनवर 'मुस्लिम ओबीसी जात प्रमाणपत्र दाखल्यावर फक्त मुसलमान' असं टाइप करेल आणि त्याच्यापर्यंत येऊन पोहोचेल. तो शेवटपर्यंत वाचेल, मामूला पाठवेल, जमातीच्या ग्रुपवर टाकेल. मी वाचक म्हणते तो हा.

दुसरं उदाहरण वक्फचं. २०२५ मध्ये वक्फ कायद्यात दुरुस्ती झाली. आपण मोर्चे काढले, काळ्या फिती लावल्या, भाषणं शेअर केली. विरोध करणं आपला हक्कच आहे. पण त्याच वर्षी ६ जूनला केंद्र सरकारने 'उमीद' पोर्टल सुरू केलं आणि वक्फ मालमत्तांची नोंद करायला सहा महिन्यांची मुदत ठेवली. मोजमाप, जागेचं भौगोलिक स्थान, मुतवल्लीची माहिती, सगळं भरायचं होतं. खेड्यातली मशीद, शेताच्या बांधावरचं कब्रस्तान, दर्ग्याची इनाम जमीन यांचे कागद ज्यांच्या ट्रंकेत पडले आहेत त्या म्हाताऱ्या मुतवल्लीला हे कोण समजावणार होतं? त्या सहा महिन्यांत माझ्या फोनवर तकरीरीच्या क्लिप मोजता येणार नाहीत इतक्या आल्या. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात काय बघायचं, फेरफार कुठे मागायचा, वक्फ बोर्डाकडची नोंद आणि महसुलाची नोंद जुळत नसेल तर काय करायचं, हे साध्या मराठीत सांगणारं पान मात्र माझ्यापर्यंत एकही आलं नाही. वक्फ वाचवा म्हणायला आपण हजारो होतो. आपल्या गावच्या वक्फचा गट नंबर किती विचारलं, तर किती जणांना सांगता आला असता?

यावर कुणी म्हणेल, "आपा, माणसं मारली जात आहेत आणि तुम्ही आम्हाला सातबारा वाचायला सांगता?"

या आक्षेपाला उत्तर द्यायलाच हवं. २ जून २०१४ रोजी पुण्यात हडपसरला सोलापूरच्या एका तरुण आयटी इंजिनिअरला जमावाने मारून टाकलं. नमाज पढून घरी चालला होता. त्या आठवड्यात आपण सगळ्यांनी लिहिलं. मग जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने सगळ्या आरोपींची निर्दोष सुटका केली आणि आपण पुन्हा लिहिलं. मधे साडेआठ वर्षं गेली. त्या साडेआठ वर्षांत खटल्याच्या तारखा पडत होत्या, सरकारी वकील बदलत होते, साक्षीदार उभे राहत होते, घरच्यांना जाहीर झालेल्या मदतीचं काय होतंय हा प्रश्न होता. आपल्यातल्या किती जणांनी त्या तारखांना कोर्टात बसून टिपणं काढली? ज्या दिवशी सगळे लिहीत होते त्या दिवशी आपणही लिहिलं. ज्या दिवशी कुणीच लिहीत नव्हतं त्या दिवशी आपण गैरहजर होतो.

म्हणून सांगते, हिंसेवर लिहूच नका असं माझं म्हणणं नाही. उलट जास्त लिहा, पण नोंद म्हणून लिहा. गुन्हा कुठल्या ठाण्यात दाखल झाला, कलमं कोणती लागली, पुढची तारीख कधी, मागच्या तारखेला काय झालं. दर महिन्याला तेच पान पुढे लिहीत जा. 'निषेध' हा शब्द कुणीही लिहितो. तारीख लिहायला मात्र कोर्टात जावं लागतं. उद्या पत्रकाराला, वकिलाला, संशोधकाला त्या प्रकरणाची माहिती हवी असेल, तेव्हा तो निषेधाकडे येणार नाही, तारखांकडे येईल.

तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड आहे. आपण घराबाहेरच्या अन्यायावर मोठ्याने लिहितो आणि घरातल्या अन्यायावर गप्प बसतो. मशिदीच्या ट्रस्टचा हिशेब वर्षानुवर्षं जमातीसमोर मांडला जात नाही. शरीयतने बेटीला वाटा दिलाय हे मिंबरवरून सांगितलं जातं, आणि वाटणीच्या वेळी तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. मेहेर किती ठरला हे नवरीला माहीत नसतं. हुंड्याला आपण 'सलामी' म्हणतो आणि मोकळे होतो. आपल्या वाचकांपैकी निम्म्या मुली आहेत. त्यांच्या आयुष्यातला हा मोठा भाग आपल्या लिखाणात नसेल, तर त्यांनी आपल्याला का वाचावं?

"पण आपण असं लिहिलं की बाहेरचे त्याचा वापर करतात." हे मला कायम ऐकवलं जातं. करतात, मान्य. न लिहिलं तरी करतात. फरक एवढाच की, आपण गप्प बसलो तर आपल्या बहिणींबद्दल बोलायचा मक्ता त्यांच्याकडे जातो ज्यांना त्या बहिणींशी काही देणंघेणं नाही. आणि वाचक मूर्ख नसतो. जो लेखक ट्रस्टींच्या हिशेबावर बोट ठेवतो, तोच उद्या पोलिसांच्या वागण्यावर लिहितो तेव्हा त्याच्यावर विश्वास बसतो. जो फक्त एकाच दिशेला बोट दाखवतो, त्याचं उद्याचं वाक्य काय असेल हे लोकांना आजच ठाऊक असतं. ज्याचं पुढचं वाक्य ठाऊक आहे त्याला कोण वाचतं?

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा ही मागणी होती. मोर्चात सात मुस्लिम बायका होत्या. फक्त सात. आजच्या हिशेबात हा सपशेल पडलेला कार्यक्रम. दलवाईंच्या सगळ्या मतांशी सहमत असायची गरज नाही, आपल्यातही त्यांच्याबद्दल मतभेद आहेत. पण एकाच दमात दिलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द ठरवला तेव्हा त्या सात जणींचा उल्लेख पुन्हा करावा लागला. ५१ वर्षांनी. त्या काळात लाखांच्या सभा किती झाल्या असतील, त्या कुणाला आठवतात?

आणखी मागे जायचं तर मौलाना आझादांकडे जाऊ. जयंतीचा फोटो टाकायला नाही, काम शिकायला. १९१२ मध्ये कलकत्त्याला 'अल-हिलाल' सुरू केलं तेव्हा त्यांचं वय २३ होतं. तुमच्यापैकी अनेकांचं तेच आहे. किंवा बाबासाहेबांकडे बघा. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, आणि 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक ३ एप्रिलचा. दोन आठवड्यांच्या आत स्वतःचं पत्र उभं केलं. काय घडलं आणि का घडलं हे दुसऱ्याच्या छापखान्यावर सोडलं नाही. पैसा नव्हता, अंकातले रकानेच्या रकाने बाबासाहेबांना स्वतः लिहून भरावे लागत. यांनी वाचक जमवले ते गाजत असलेल्या विषयावर स्वार होऊन नाही. त्यांनी विषय स्वतः ठरवला आणि लोकांना त्याच्याकडे यायला लावलं.

आता भाषेबद्दल. आपलं पत्र दोन भाषांत निघतं, ही मोठी सोय आहे. पण माझ्यापर्यंत येणारं बरंच मराठी लिखाण इंग्रजीतून उचललेलं वाटतं. एका वाक्यात चार 'अस्मिता', दोन 'विमर्श' आणि एक 'परिप्रेक्ष्य'. घरात कुणी असं बोलत नाही. कोकणातला मुसलमान वेगळी बोली बोलतो, मराठवाड्यातला दखनीत मराठी मिसळतो, कोल्हापूरचा तांबोळी गल्लीत अस्सल कोल्हापुरी बोलतो आणि अम्मीशी बोलताना ओळ बदलतो. हे आपलं बळ आहे. कब्रस्तानाला कब्रस्तानच लिहा. 'दफनभूमी' लिहून कुणाला खूश करायचं आहे? इद्दत, मेहेर, खुला हे शब्द वापरा आणि मराठी शेजाऱ्यालाही कळेल असा अर्थ पुढच्या वाक्यात सहज सांगा. १६व्या-१७व्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. मराठी आपल्याला कुणी दान दिलेली नाही. ती परक्यासारखी, इस्त्री करून वापरायचं कारण नाही.

एवढं बोलल्यावर, काय करायचं तेही सांगते.

रोज लिहू नका. महिन्यातून एकच लिहा, पण असं लिहा की ते वाचल्यावर वाचणाऱ्याला उद्या सकाळी काहीतरी करता येईल.

विषय पाच किलोमीटरच्या आतला घ्या. नगरपालिकेच्या उर्दू शाळेत शिक्षकांची मंजूर पदं किती, भरलेली किती? वस्तीतल्या दवाखान्यात डॉक्टर कोणत्या दिवशी येतात? कब्रस्तानच्या जागेचा ठराव कुठे अडला? हे माहीत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं तर पहिलं अपील करा. उत्तर आलं तर तो तुमचा लेख आहे. नाही आलं तर तोही लेखच आहे.

शीर्षक असं द्या जसं तुमची फुफी फोनवर बोलून शोधेल. 'अस्तित्वाच्या शोधात' या शीर्षकाखाली शिष्यवृत्तीची माहिती दडवली, तर ती कुणाला सापडणार? 'नववी-दहावीच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्तीसाठी कोणते कागद लागतात' असं सरळ लिहा.

नवं लिहिण्याआधी जुनं दुरुस्त करा. हे काम कुणालाच आवडत नाही, पण विश्वास इथेच कमावला जातो. केंद्राची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून पहिली ते आठवीसाठी बंद झाली. मौलाना आझाद फेलोशिपही त्याच वर्षापासून बंद झाली. तरी जुनी माहिती अजून फिरत असते आणि पालक उगाच खेटे घालतात. लेखाच्या वर तारीख टाका. नियम बदलला की लेख बदला आणि कधी बदलला तेही लिहा.

वाचणाऱ्याने प्रश्न विचारला तर उत्तर द्या. एका प्रश्नाला नीट उत्तर दिलंत, तर तो माणूस पुन्हा येतो आणि दोघांना घेऊन येतो. पाच जणांनी एकच प्रश्न विचारला, तर पुढच्या लेखाचा विषय मिळाला.

आणि लेख फोनमध्येच ठेवू नका. एका पानावर छापा, जुम्याला मशिदीच्या फलकावर लावा, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात दहा प्रती ठेवा. ज्या अम्मीकडे स्मार्टफोन नाही तीही आपली वाचक आहे.

महिन्याच्या शेवटी मोजायचंच असेल तर हे मोजा. किती जणांना प्रमाणपत्र मिळालं? किती अर्जांना उत्तर आलं? किती मुलींनी हक्कसोडपत्रावर सही करायच्या आधी विचारलं? हे आकडे छोटे असतील. तीन, पाच, सात. चालेल. त्यातला एक जरी खरा असला, तरी तो दहा हजार व्ह्यूजपेक्षा मोठा आहे.

गर्दीला आपलं नाव माहीत असतं, वाचकाला आपलं काम माहीत असतं. आपल्याला बदनाम करणाऱ्यांना गर्दीची भीती वाटत नाही. गर्दी कशी वळवायची हे ते आपल्यापेक्षा चांगलं जाणतात. कागद वाचता येणारा, प्रश्न विचारणारा आणि स्वतःच्या घरातही न्याय मागणारा तरुण मात्र त्यांना नको असतो. तो घडवण्याचं काम तुमच्या लिखाणाचं आहे. पुढचा मंत्री काहीतरी बोलायच्या आत या आठवड्यात आपल्या मोहल्ल्यातला एक प्रश्न निवडा आणि त्याचा पहिला कागद मिळवा.